मागणीचं भाषण

अम्मानमधली बेकरीची रांग. माझ्यापुढे काका-पुतणे.

“कुतैबा, तुझ्यासाठी मुलगी मागायला गेलो, तेव्हाचं माझं भाषण कसं झालं?”

“जन्मात विसरणार नाही, काका.”

“आवाज आधी खाली, मग वर. सुरुवात थेट आजोबांपासून!”

“आजोबांच्या घोडीपासून. तासभर.”

“मुलीकडचे डोळे पुसत होते.”

“जांभया देऊन पाणी आलं होतं.”

“तुला भाषणातलं काय कळतं?”

“कॉफीतलं कळतं. होकार मिळेपर्यंत पाहुण्यानं कपाला तोंड लावायचं नसतं.”

“अरे, बोलून बोलून घसा सुकला होता!”

“म्हणून मुलगी मागायच्या आधीच कप रिकामा केलात. तिचे वडील म्हणाले, ‘अच्छा, कॉफीलाच आला होतात होय!’ आणि दार उघडून उभे राहिले.”

“मग दुसरी मुलगी बघ. भाषण तयारच आहे.”