चंद्रीनं माझा आवाज ओळखला न्हाय

“ऊऽऽ... ये गं बाय, ये ये ये!” ...असा आवाज, पार पोटातनं काढलेला, पंचेचाळीस वर्षं झाली, माझ्या कानात हाय. आन आता बघा! दिवाळीच्या पाडव्याला पोरं मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या पुंगळ्या काढून फडाफडा वाजवत्यात. आरं, म्हैस काय पुंगळीच्या मागं पळणार हाय व्हय? म्हैस पळती ती मालकाच्या आवाजामागं! तुम्हाला सांगतो, एवढी साधी गोष्ट मला कळायला आमच्या कसबा बावड्याच्या भर रस्त्यात इज्जत जायची पाळी आलीती... पर आई व्हती की बोलायला!

माझं बोलणं ऐकतायसाच तुम्ही. आज जरा पळतंय, न्हायतर लई हळू. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचं, “आण्णा!” ...मी ‘हजर’ म्हणायला तोंड उघडंपतोर मास्तर चार नावं पुढं. महिनाभर मी वर्गात बसून गैरहजर! मग आमची आई, झुंबरबाई, पदर खोचून शाळेत. “ओ मास्तर, पोरगं हळू बोलतंय माझं, पर तुमच्या म्होरंच बसलंय न्हवं? बघा की! डोळं हायत न्हवं?” न्हावी इचारायचा, बारीक का मध्यम? मी ‘मध्यम’ म्हणंपतोर चकोट! आई डोक्यावरनं हात फिरवून म्हणायची, “गार वाटत असंल न्हवं? बरं झालं.” सगळी गल्ली म्हणायची, बोल की लवकर, बोल की! आई एकदाबी म्हणाली न्हाय. मी वाक्य सुरू केलं की भाकरी थापायची थांबायची. तव्यावरची करपू दे, धूर निघू दे, माझं पुरं झाल्याबिगर हात हलायचा न्हाय. लई करपलेल्या भाकरी खाल्ल्यात आम्ही!

तर पाडवा. आमच्याकडं त्या दिवशी म्हशी सजवत्यात, शिंगं रंगवायची, मोरपीस बांधायचं, गळ्यात कवड्या, आन मग मालक मोटारसायकलवर म्होरं आन म्हैस बिनदाव्याची त्याच्या मागं, नुसत्या हाकेवर! त्या साली मुरगूडचं गणपतराव पाटील आलंते. पोरगा बघायला... म्हंजे मला. आधी दोन ठिकाणं मोडलीती. एक पावणं तर जाता जाता म्हणालं, “पोरगं देखणं हाय ओ, पर मुकं हाय हे आधी सांगायचं की!” आन ह्यांची पोरगी, संयोगिता... मी बघितलीती एकदा. कशी व्हती सांगू? ...ऱ्हाऊ दे. घरात ऐकतीया ती.

गणपतराव रस्त्याकडंला बाकड्यावर बसलं, मिशीला पीळ दिला आन म्हणालं, “पोरगं बोलत न्हाय म्हणत्यात. हरकत न्हाय. पाडवा हाय, म्हैस मागं पळवून दाखवू दे. जनावर ज्याच्या हाकंला येत न्हाय, त्याच्या घरात माझी पोरगी कुणाच्या शब्दावर नांदायची?”

मला काय घोर न्हवता बघा. पंधरा वर्षं आमच्या म्हशीची, चंद्रीची धार मी काढतोय, वैरण मी टाकतोय, धुतोय मी! मैतराची राजदूत फटफटी घेतली, म्होरं गेलो, वळलो, आन हाक मारली, “ये...” चंद्रीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी मुरगूडचा पावणा! परत, “ये गं...” रवंथ सुरू. एक पाय हलंना! आन तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पंधरा वर्षं धार काढली, पर तिच्यासंगं कधी बोललोच न्हवतो की मी! मी खाली बसायचो, आन आई तिच्या कानाशी उभी ऱ्हाऊन सगळ्या गल्लीच्या भानगडी सांगायची. म्हशीला माझं हात म्हायती, आवाज आईचा! कशाला बोलीन मी? आई व्हती की बोलायला!

गर्दी हसाय लागली. गणपतरावांनी बाकड्यावरनं पटका उचलला... म्हटलं संपलं. तिसरं ठिकाणबी गेलं. संयोगिता गेली! आन तेवढ्यात गाडी मागनं दबली. बघतोय तर आई! नऊवारीचा काष्टा आवळून, माझ्या पाठीला पाठ लावून, उलटी बसलेली! एका हातानं माझा पट्टा धरला. “चल बाळ. लई जोरात नगं, मला पडायची सवय न्हाय.” आन मग... “ऊऽऽ... ये गं बाय, ये ये ये!”

चंद्री उधळली की! शेपूट वर, कवड्या खळाखळा, गाडीच्या मागं धडाडा! शिट्ट्या काय, टाळ्या काय... एक जण वरडतोय, “आण्णा, गिअर तरी तू टाकतोयस का त्योबी आईच?” आई उलट्या तोंडानं त्याला, “तुझी म्हैस कुठं हाय रं? उसात गेली व्हय?” ...म्हंजे म्हशीला हाका आन त्याला शिव्या एका दमात! बाकड्याम्होरं येऊन मी गाडी थांबवली. चंद्री थांबली. मी सुटलो म्हणून दम टाकला, तर गणपतराव उभं.

“झुंबरबाई, म्हैस लई झ्याक पळाली. पर तुमच्या हाकंवर. पोराचं काय? त्याला इचारलं तर कोण बोलणार?”

मी आईकडं बघितलं. सवयच ती. आईनं तोंड उघडलं... आन मिटलं! जल्मात पयल्यांदा! नुसती माझ्याकडं बघत उभी ऱ्हायली. किती वेळ गेला काय म्हायती, चंद्रीनं दोनदा शेण टाकलं. मनात लई व्हतं ओ, पोरीला सुखात ठेवतो, शब्द देतो, असलं सगळं... आन तोंडातनं काय निघावं?

“पावणं... जेवून जावा.”

गणपतराव बघतच ऱ्हायलं. मग पोट धरून हसाय लागलं, पटका परत बाकड्यावर टाकला. “आरं, एवढं थांबून बोलला ते जेवायचंच बोलला की पोरगा! ह्याच्या घरात पोरगी उपाशी मरायची न्हाय. चला ओ, लग्नाच्या सुपारीचं जेवणाच्या पानावरच बसून बोलू!”

काय सांगू तुम्हाला... छातीवरनं भरलेली बैलगाडी उतरावी तसं झालं. म्हटलं, आता आई बोलणार. दिसभर जिच्या तोंडाची टकळी थांबायची न्हाय, ती आज शाबास म्हणणार, गल्लीला गोळा करून सांगणार. मी वळलो. आईनं पदरानं नाक पुसलं, चंद्रीच्या पाठीवर हात टाकला आन चालाय लागली घराकडं. एक शब्द न्हाय! ...आता बोलायला मी व्हतो की!