बाई हरल्या नव्हत्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, गुडघा आता कसा आहे? चिटणीस, खोकला बसला का? प्रमुख पाहुणे वकीलसाहेब, तुमची तब्येत काय विचारायची, दिसतेच आहे! आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो, त्या आमच्या गणिताच्या बाई, डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं? समोरच्या बुद्धिबळप्रेमी मंडळींनो, सगळे खुशाल ना? मग जरा सावरून बसा.

बाई उद्या लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या. मंडळाचं हे मानचिन्ह त्यांना माझ्या हातून द्यायचं ठरलंय. माझं भाग्य! पण त्यावर कोरलंय काय? 'पराभवही हसतमुखाने स्वीकारणाऱ्या बाईंस.' वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पराभव? कुठला पराभव?

गेल्या वर्षीच्या स्पर्धेतला शेवटचा डाव. बाई विरुद्ध वकीलसाहेब. बरोबरी झाली तरी अजिंक्यपद बाईंचं. मी शेजारच्याच पटावर होतो. बाईंचं प्यादं वजीर व्हायच्या बेतात, साहेबांचा राजा कोपऱ्यात कोंडलेला, आणि साहेब स्वतः घामाघूम. हळूच म्हणाले, "बरोबरी घेता का, बाई?" बाईंनी "घेतली" म्हणत हात पुढे केला. साहेबांनी तो हातात घेतला आणि पंचांना हाक मारली, "बाईंनी डाव सोडला!"

अहो, जिंकत आलेला डाव कुणी सोडतं का? मी तिथल्या तिथे ओरडलो. तर चिटणीस म्हणतात, "काका, दुसऱ्यांच्या पटावर बोलायचं नाही." पंच म्हणाले, "हात मिळवलात ना? मग संपलं." वा रे न्याय! मघाशी दारात मी अध्यक्षांशी हात मिळवला, मी काय हरलो?

काय म्हणालात, वकीलसाहेब? "आज कशाला तो विषय?" आज नाही तर कधी? उद्या बाई इथे नसतील. आणि बाई, तुम्ही तिथून 'जाऊ द्या'च्या खुणा करू नका. तुम्ही वर्षभर जाऊ दिलंत, म्हणून यांनी ते पितळेवर कोरलं!

हे मानचिन्ह मी देणार नाही. द्यायचं तर बाईंना त्यांचं अजिंक्यपद द्या. त्यासाठी एकाच माणसाचा शब्द हवाय, आणि तो माणूस अध्यक्षांच्या शेजारी बसून पाणी पितोय.

बोलायला उभं केलंत, त्याबद्दल आभारी आहे. पुन्हा कराल असं वाटत नाही. काही उणंअधिक बोललो असेन तर बाईंनी पोटात घालावं. बाकीच्यांनी नाही घातलं तरी माझी हरकत नाही. बाई, पोहोचलात की पत्र टाका. आणि वकीलसाहेब, चारचौघांत बोलवत नसेल तर घरी जाऊन बाईंना एवढंच लिहा, 'बरोबरी मीच मागितली होती.' पण लवकर लिहा. वय आपलं तिघांचंही झालंय.