वायफायचं गाऱ्हाणं

आता तुम्हीच सांगा, वाडीला कुंपण, फाटकाला कडी, चोर शिरला तर भुंकायला कुत्रा… आणि वायफायचा पासवर्ड? तो फाटकावर रंगवलेला! 'दोन खोल्या मिळतील, मासळीचं जेवण मिळेल', आणि खाली ठळक अक्षरांत पासवर्ड. पाहुण्यांची सोय हो! तुम्हाला सांगतो, आमच्या मुरुडच्या बापूचं नेट अख्खी आळी वापरायची. शेजारची ठमीकाकू तर त्यावर दुबईच्या लेकाशी रोज बोलायची, आणि आवाज तुटला की कुंपणावरून बापूलाच हाका… अरे बापू, हलव रे ती डबी जरा!

पण बापूची सून अनुया घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. कंपनीने कळवलं, तुमच्या घरचं नेटवर्क म्हणजे धर्मशाळा आहे, सोमवारपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर पुण्याला येऊन बसा. सून पुण्याला म्हणजे नात आश्लेषाही पुण्याला! बापूला जेवण जाईना. आणि मग जो पेटला माणूस… बापूने ठरवलं म्हणजे ठरवलं!

टर्पेंटाइनने फाटक घासलं. पाहुण्यांना सांगितलं, समुद्र बघा. अनुयाला शेजारी बसवून राउटरचं सेटिंग उघडलं, तर तिथला पासवर्ड कारखान्यातून आला तोच! तो बदलला, रखडलेलं अपडेट घेतलं, नुसतं बटण दाबून आत शिरायची सोय बंद केली. आणि वायफायचा नवा पासवर्ड? नातीचं नाव नको, जन्मतारीख नको, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द, मधे ते ॲटचं चिन्ह, बापू त्याला भोवरा म्हणतो. ठमीकाकू साखर मागायच्या निमित्ताने येऊन गेली, नारळ काढणारा सदा शहाळं सोलत उगाच घुटमळला, पण बापूने दोघांनाही वाटेला लावलं. बापूने ठरवलं म्हणजे ठरवलं!

इथवर सगळं छान हो. पण या घरात बोअर मारली तरी, स्कूटर आणली तरी, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत. आणि गाऱ्हाण्यात देवापासून काही लपवायचं नसतं! आळी जमली, बापूने डोळे मिटून आवाज लावला…

"बा देवा महाराजा! आज या लेकराने वायफायला कुलूप घातलंय. विंचू, तिठा, साखर, मग भोवरा, मग त्रेसष्ट, सगळं इंग्रजी लिपीत, अक्षरं लहान, मधे जागा न्हाय… याच्या आड कोण येईल त्याला आडवा कर, आणि माझी नात माझ्या अंगणात ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आळी एका सुरात म्हणाली.

बापूचे डोळे मिटलेले, त्याला काय दिसणार? अख्ख्या आळीच्या माना मोबाईलात.

अनुयाने कपाळाला हात लावला आणि दिवेलागणीच्या आत पासवर्ड पुन्हा बदलला. सोमवारी कंपनी खूश, आश्लेषा अंगणात, देव पावला! फक्त नवा पासवर्ड बापूने मागितला, तर सून म्हणते कशी, "नको बाबा, तुम्ही देवाला सांगाल."

आता काय… ठमीकाकूने वैतागून स्वतःचं नेट घेतलंय. बापू रोज तिच्या ओटीवर बसून बातम्या बघतो. पासवर्ड दारावरच लिहिलाय ना!