आखाजीचा मुराळी

जबाब
दिनांक २९ एप्रिल २०२५

माझे नाव मोहिनी प्रेमराज सरोदे, वय ६८ वर्षे, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार जळगाव शहर. मी कोणी न बोलावता ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते की,

मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रियांसाठी शहरातील एक संस्था आधारगृह चालवते. निवृत्तीपासून मी तिथे विनावेतन काम करते. आधारगृहाचा पत्ता या जबाबात लिहू नये, असे मी सांगितले आहे. तो कोणाला ठाऊक नसतो, म्हणूनच बायका तिथे झोपू शकतात.

कामिनी नवीन बोंडे, वय २४, माहेर फैजपूर, सासर सावदा, ही दिवाळीनंतर आमच्याकडे आली. तिचा पती नवीन केळीचे घड कापण्याच्या कोयत्याने तिला मारत असे. कोयता उलटा धरत होतो, असे त्याने न्यायालयात स्वतःच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून सांगितले. कामिनीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. नवीनने तिच्याजवळ फिरकू नये, असा न्यायालयाचा आदेश आहे. त्याची प्रत या ठाण्यात आहे. ती मीच आणून दिली होती.

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे. आपल्याकडे आखाजीला सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. आधारगृहातल्या बायकांना मुराळी येत नाही. काल अंगणातल्या निंबाला झोका बांधला, तेव्हा कामिनी म्हणाली, "मावशी, मले कोन न्यायले येईन?" तिची आई सुगंधाबाई गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली आहे.

आज सकाळी नऊच्या सुमारास कामिनीचा चुलतभाऊ पियुष गाडी घेऊन आला. डोक्यावर नवी टोपी, हातात सांजोऱ्यांचा डबा. आपण मुराळी आहोत आणि काकूने पाठवले आहे, असे त्याने सांगितले. पत्ता कोणी दिला, असे मी विचारले. संस्थेचे अध्यक्ष मगन उखर्डू चौधरी, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मी दिला. भाऊ आहे तिचा."

आमचा नियम असा की, कोणी न्यायला आले तर आधी आईशी फोनवर बोलायचे, मग मुलीशी एकांतात बोलायचे, मग दार उघडायचे. हा नियम मी नानांना ऐकवला. नाना म्हणाले, "अक्का, तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या. तुम्हाला आखाजी काय समजणार? मुराळ्याची काय उलटतपासणी घेतात?" मी म्हणाले, "नाना, आखाजी मला समजते. टोपीखालचा माणूस समजत नाही, म्हणून फोन लावते." यावर पियुष हसला. तो का हसला, ते मला सांगता येत नाही.

कामिनी तोपर्यंत साडी बदलून आली होती. पुष्पाबाई, ज्या आमच्याकडे स्वयंपाक करतात, त्यांनी तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. माहेरी जाणारी मुलगी मोकळ्या हातांनी जाऊ नये म्हणून. मी फोन लावायला आत गेले. रेंज नव्हती, म्हणून मागच्या दाराशी गेले. सुगंधाबाई फोनवर म्हणाल्या, "अव माय, आम्ही कोनालेच मुराळी धाळला नही. पियुष? तो तं नवीनच्या गाळ्या भरतो." म्हणजे पियुष नवीनच्याच केळीच्या व्यवसायात कामाला आहे. मी बाहेर धावले. गाडी गेली होती. नाना मुराळ्याच्या पाहुणचाराचे फोटो मोबाईलवर बघत होते.

कामिनीचा फोन बंद आहे. पियुषने स्वतःचा फोन एकदा उचलला आणि "ताई आराम करते" एवढे बोलून ठेवला.

दुपारी तीनच्या आसपास नानांनी संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर एक फोटो टाकला. नवीनच्या सावद्याच्या घरातला. सोफ्यावर नवीन आणि कामिनी, नवीनच्या खांद्यावर शाल. खाली नानांनी लिहिले होते, "आपल्या संस्थेने एक संसार वाचवला." त्याखाली सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत दोन महिला विश्वस्त आहेत.

हा फोटो मी जबाब लिहून घेणारे हवालदार धनसिंग यांना दाखवला. कामिनीच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या आहेत. उजव्या हातात एकही नाही. मनगटाला पदर गुंडाळलेला आहे. फोटोत ती कोणाकडेच बघत नाही.

नानांना मी फोन करून बांगड्यांचे विचारले. ते म्हणाले, "अक्का, काचेच्या बांगड्या, फुटतातच." नाना गेली अकरा वर्षे स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध भाषणे करतात. चांगली करतात.

हवालदार धनसिंग यांचे म्हणणे पडले, "अक्का, नवऱ्याच्या घरी सापडली ना? मग हरवली कुठे?" मी म्हणाले, "बकरी खाटकाकडे सापडली, तर तुम्ही तक्रार बंद करता का?" हे वाक्य वगळू का, असे त्यांनी विचारले. वगळू नये.

पियुष व नवीन यांनी खोटे सांगून कामिनीला नेले. नानांनी नियम मोडून तिला त्यांच्या हवाली केले. तिघांविरुद्ध माझी तक्रार आहे. नाना वयाने व मानाने मोठे आहेत, तेव्हा त्यांचे नाव "संस्थेतर्फे" असे लिहावे, ही सूचना मला मान्य नाही. पूर्ण नाव लिहावे. वडिलांच्या नावासह.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "कामिनी राजीखुशीने पतीकडे गेली" असे एक वाक्य त्यात होते. ते मी सांगितलेले नव्हते. ते माझ्यासमोर खोडले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. आधी सही करा, मग सावद्याला गाडी पाठवू, असे मला सांगण्यात आले. मी पेन टेबलावर ठेवले आणि बसून राहिले. पोलिसांची गाडी दोन महिला शिपायांसह फाटकाबाहेर पडलेली मी खिडकीतून पाहिली. त्यानंतर सही केली.

मोहिनी प्रेमराज सरोदे