तेजरामजींना कुणी विचारलंच नाही

आदरणीय अध्यक्ष महोदया, मंचावर विराजमान समाजसेवक शालिकरामजी, आज निरोप घेत असलेल्या आपल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. ऋता मॅडम, आणि मॅडमना ओळखतच नाही असं आजवर सांगत आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी नूतन, किरनापूरची शिक्षिका. मॅडमच्या गुणांवर आधीचे वक्ते बोललेच. मी घरातलं सांगते.

चार वर्षांपूर्वी लांजी रस्त्यावर माझ्या यजमानांची, तेजरामजींची, मोटारसायकल घसरली. मागे बसलेला त्यांचा मित्र दुलीचंद जागीच गेला. यांना फक्त खरचटलं. पण यांची झोप गेली, जेवण सुटलं, आणि आमच्यातला शरीरसंबंधही थांबला.

घरात मूल नाही म्हणून सासूबाईंनी निदान केलं, "सुनेतच खोट हाय." गोंदियाला माझ्या तीन सोनोग्राफ्या झाल्या. जे घडतच नव्हतं, ते यंत्राला दिसणार कसं? यांची अब्रू राखायची म्हणून मी गप्प.

शेवटी यांनी शालिकरामजींजवळ मन मोकळं केलं. समाजसेवाच ती, त्यांनी ताकदीची पुडी आणून दिली. पुडी लागू पडली. छाती इतकी धडधडली की दवाखाना गाठावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी विचारलं, "झोप लागते का?"

"मॅडम, मी झोपेसाठी नाही आलो."

"माहीत आहे. लागते का?"

तेव्हा हे रडले. "डोये मिटले का दुलीचंद दिसते. थो गेला, अन् मी बायकोजवळ सुखात राहू? मनच मेलं, त शरीर काहून ऐकन?"

तपासण्या करून मॅडम म्हणाल्या, शरीर ठीक आहे, हे नैराश्य आहे. औषधं आणि दर पंधरवड्याला बोलणं सुरू झालं. एका गोळीनं इच्छा आणखी मंदावली, तर बायकोलाही काही न सांगणाऱ्या या माणसानं ते मॅडमना स्वतः सांगितलं. गोळी बदलली. आठ महिन्यांनी एका रविवारी दुपारी हे आपणहून माझ्याजवळ येऊन बसले. पुढचं सभेत सांगत नसतात.

"आता मूल कधी?" असं या सभागृहातल्या किमान दहा जणांनी मला विचारलंय. दुलीचंद गेल्यावर "तेजराम, कसा आहेस?" असं किती जणांनी विचारलं होतं?

मॅडम, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? आणि माझ्या बोलण्यानं मंचाचा किंवा कुणाचा अवमान झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावा. तेजरामजी तिसऱ्या रांगेत बसले आहेत. नाव घेऊ का, असं सकाळी मी त्यांना विचारलं होतं.

म्हणाले, "घे. लाज वाटाची होती तेवढी वाटून झाली."