टाइट एंडची तपासणी

क्लीव्हलंडला मेंदूच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. समोर अमेरिकन फुटबॉल खेळणारा एक धिप्पाड खेळाडू आणि त्याची बायको बसले होते.

"डॉक्टरांना सगळं सांगायचं, ट्रेमेन."

"सांगतो ना. रविवारी डोकं आपटलं, जरा गरगरलं."

"आणि सामन्यानंतर दुसऱ्याच संघाच्या बसमध्ये जाऊन बसलास, ते?"

"अगं, बस सारख्याच दिसतात."

"ट्रेमेन!"

"हळू बोल, ओडेसा. हे कळलं तर मला बाहेर बसवतील. टाइट एंडच्या माझ्या जागेवर नवं पोरगं टपलंय."

"बसवू देत."

"नऊ वर्षं रेड्यांसारखे गडी छातीवर अडवले, वर चेंडूही झेलले. दुसरं येतं काय मला?"

"काल दुपारी गाडी घेऊन कुठे गेलास?"

"सरावाला."

"आयव्हीला शाळेतून आणायला निघाला होतास तू. अंधार पडेपर्यंत पोर पायरीवर बसून होती."

"...मला का नाही सांगितलंस?"

"तीच म्हणाली, बाबाला सांगू नकोस, तो घाबरेल."

नर्सने दार उघडून त्याचं नाव पुकारलं. तो उठला, पण पुढे गेला नाही.

"तूही आत चल, ओडेसा. एकटा गेलो तर मी खोटं बोलेन."