वरच्या तुकड्यातला राब

धनेश : काका, टाक ती काडी खाली! सोमवारी लाव म्हणून सांगितलं होतं ना तुला?

नामा : काडी कवाच लावली रं. त्या कोपऱ्याला बघ, धरलाय चांगला.

धनेश : अरे देवा! आणि धूर बघ कुठं चाललाय. सरळ स्टेजवर!

(वैशाखातली संध्याकाळ, पाच वाजलेत. खालापूरच्या अलीकडे नामाचं नि त्याच्या पुतण्याचं सामाईक भातशेत. खालच्या सपाट अंगाला इक्रा या नामवंत गायिकेच्या दौऱ्याचं स्टेज उभं राहिलंय. चार बांध सोडून वरच्या तुकड्यात नामाचा राब आहे, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजण्यासाठी शेण, टहाळे नि गवत पसरून लावलेली आग. धनेश पांढरे बूट घालून, गळ्यात ओळखपत्र लटकवून ढेकळांतून धावत आलाय, त्यामुळे त्याला धाप लागलीय.)

नामा : दम घे पयला. आन् पाय उचल, शेनात उभा हायेस.

धनेश : शेण गेलं खड्ड्यात! साडेपाचला इक्रा स्टेजवर येणार, आवाज तपासायला. तिच्या कागदात स्पष्ट लिहिलंय, धूर दिसला तर ती गाडीतून उतरणार नाही. मागच्या कार्यक्रमाला कोणी तरी उदबत्ती लावली, तर बाई अर्धा तास रुसून बसली.

नामा : मंग घरात चूल कशी पेटवत असंल?

धनेश : मस्करी नको काका. पाया पडतो. बारा हजार माणसं येतायत. माझं पहिलं काम आहे हे. नीट पार पडलं तर दौऱ्याच्या पुढच्या तीन गावांचं काम मला मिळणार. नाहीतर परत शेलूला बिल्डरच्या हापिसात, लोकांना फ्लॅट दाखवत जिने चढायचे.

नामा : आन् माझं काय? काल लोधिवलीला वळीव पडला. वर बघ जरा, कसं दाटून आलंय. आज नाय भाजला तर उद्या भिजला. भिजला राब पेटत नाय धनेश. मिरगाला रोप कुटं टाकू? तुज्या स्टेजवर?

धनेश : दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. सोमवारी लाव ना.

नामा : वळवाला पास दिलायस का तुझा, सोमवारनंतर ये म्हनून?

धनेश : मग इतके दिवस काय केलंस? आठवड्यापूर्वीच भाजायचा होतास!

नामा : आता बोललास. राब कुटं होता आपला? सांग की. आता बाई नाचनार हाय ना, तिथं. खालच्या अंगाला. तुज्या आज्याच्या आदीपासून तिथंच, कारन धूर वाऱ्यासंगती वड्याकडं जायचा, कुनाच्या नाकात नाय. तू जागा देऊन बसलास, जेसीबी घेऊन आलास. मी तोंड उघडलं का? नाय. रचलेला राब तुज्या काकीनं नि मी पाट्या भरभरून वर आनला. आठ दिस गेले त्यात. तिची कंबर अजून धरलेली हाय.

धनेश : वाऱ्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

नामा : शेतात पाय ठेवला असतास तर आलं असतं. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत.

धनेश : ते राहू दे आता. खाली टँकर उभा आहे, धूळ बसवायला आणलेला. पाईप इथवर येतो. दोन मिनिटांत विझवतो.

नामा : राबावर पानी?

धनेश : दुसरा इलाज नाही.

नामा : धनेश, त्या पायपाला हात लावून बघ. मग तू माजा पुतन्या नाय नि मी तुजा काका नाय.

धनेश : धमकी देतोस?

नामा : सांगतोय. ऐकायचं तर ऐक.

विनिता : धनेश! अहो, काय चाललंय हे? खालून केव्हाची हाका मारतेय.

धनेश : काका, या विनिता मॅडम. अख्खा दौरा यांच्या हातात असतो. मॅडम, थोडासा धूर आहे, मी बघतोय...

विनिता : थोडासा? माझे डोळे चुरचुरतायत! इक्राची गाडी घाट उतरली. वीस मिनिटांत इथे असेल. आणि ही आग कसली? तुम्हीच सांगितलं होतंत ना, इथे आता कोणी शेती करत नाही, सगळी जमीन पडीक आहे म्हणून?

नामा : पडीक?

धनेश : काका, ते कामापुरतं बोलावं लागतं...

नामा : दिवाळीला दोन गोनी तांदूळ घेऊन गेलास शेलूला. ते पडीकात पिकले व्हय रं?

धनेश : चुकलं माझं.

विनिता : तुमचं घरगुती नंतर बघा. काका, मी हात जोडते. तुमचं जे रोप जाईल ते आम्ही कुठूनही आणून देऊ.

नामा : कुटून आनाल ताई? रोप काय दुकानात मिळतं? ज्याचं त्यालाच पुरत नाय. दुसऱ्याला कोन देतो?

विनिता : मग मला वाईटपणा घ्यावा लागेल. धनेश, टँकर वर घ्या.

धनेश : मॅडम...

विनिता : तुम्ही सांगताय ड्रायव्हरला, की मी सांगू?

धनेश : पाणी टाकलं तर सगळं शेण-गवत भिजून बसेल मॅडम. यांचं वर्ष जाईल.

विनिता : आणि गाणं झालं नाही तर माझं काय जाईल? दुसरा काही मार्ग असेल तर बोला, नाहीतर घ्या टँकर.

नामा : मार्ग हाय एक.

धनेश : कुठला?

नामा : आता मी वाऱ्याच्या उलट लावलाय. त्यानं आग मागं मागं सरकत सावकास जळते. दोन तास लागतात, पन खालची माती भाजते, तनाचं बी मरतं. तोच वाऱ्याकडल्या बाजूनं पेटवला तर पळत सुटंल. पंधरा मिनिटांत खलास. तुमची बाई यायच्या आत धूर गेलेला असंल.

विनिता : मग पेटवा ना! एवढं साधं होतं तर आधी का नाही बोललात?

नामा : आता बोललो ना. धनेश, काडेपेटी दे हिकडं. तुज्या पायाशी पडलीय बघ.

धनेश : काका, तसा नुसता वरवर जळेल. माती कच्ची राहील.

नामा : ऱ्हाऊ दे.

धनेश : तण रोपाच्या डोक्यावर जाईल. काकीला भर पावसात महिनाभर वाकून बेणत बसावं लागेल. तिची कंबर अशी, आणि...

नामा : तुला ठावं हाय की सगळं. मला वाटलं इसरलास. दे ती पेटी.

धनेश : तुझा राग आलाय ना माझ्यावर? मग कशाला करतोस?

नामा : राग हाय तो हाय. तो काय आज जायचा नाय. म्हनून तुजं काम घालवू? दादा, तुजा बाप, आज असता तर त्यानंबी ह्येच केलं असतं. सरक बाजूला.

धनेश : नाही देत.

विनिता : धनेश, वेळ नाहीये आपल्याकडे!

धनेश : मॅडम, राब आहे तसाच जळेल. दोन तास लागतील.

विनिता : तुम्ही शुद्धीवर आहात का?

धनेश : दिवस बुडाला की इथला वारा पडतो. साडेसातपर्यंत राब जळून जाईल, उरलासुरला धूर सरळ वर जाईल, स्टेजवर येणार नाही. तोवर इक्राला खोपोलीला हॉटेलात थांबवा. गाणं होईल, फक्त उशिरा होईल. आणि तिला सांगा, जागा दाखवणारा माणूस खोटं बोलला होता.

विनिता : ते तर मी सांगेनच. आणि ती मागे फिरली तर?

धनेश : तर लोकांसमोर मी उभा राहतो. शिव्या मी खातो.

विनिता : पुढच्या तीन गावांचं विसरा मग. ते ओळखपत्र काढा.

धनेश : घ्या.

विनिता : हॅलो? हां, गाडी खोपोलीतच थांबवा. सांगते नंतर... नाही हो, आग नाही लागली. इथे शेती चालू आहे.

नामा : गेली रं बाई. तणतणत गेली.

धनेश : जाऊ दे.

नामा : येडा हायेस. चांगलं हातातलं काम घालवलंस.

धनेश : आईला आज काही बोलू नकोस. मी सांगेन सावकाश.

नामा : ह्यो टहाळा घे. त्या कडंला उभा ऱ्हा, आग बांधाबाहेर आली तर झोडपायची. हिकडची मी बघतो.